वेंधळेपणाचे शास्त्र आणि स्वतःवर हसण्याची रीत

नमस्कार. काडी ओढून झाल्यावर जळकी काडी खिशात आणि काडेपेटी केराच्या टोपलीत, असा उलटा व्यवहार तुमच्या हातून कधी घडला आहे का? डोनाल्ड ब्रॉडबेंट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह रोजच्या जगण्यातल्या चुका मोजण्यासाठी २५ प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली आणि तिच्यात काडेपेटीचे हेच उदाहरण अगदी गांभीर्याने दिलेले आहे. तुम्ही लोकांना धडकता का, तुमच्या हातून वस्तू पडतात का, घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेल्यावर कशासाठी आलो होतो हेच विसरता का, असेही प्रश्न तिच्यात आहेत. यांतल्या एकाही प्रश्नाला 'कधीच नाही' असे उत्तर देणाऱ्या माणसावर मी तरी फारसा विश्वास ठेवणार नाही.

आजच्या व्हिडिओत आपण दोन गोष्टी पाहणार आहोत. धडधाकट, शहाण्यासुरत्या माणसाच्या हातून असे घोटाळे का होतात, ही पहिली. आणि झालेल्या फजितीवर हसावे तर ते नेमके कसे, ही दुसरी. दुसरी गोष्ट वाटते तितकी सोपी नाही, म्हणून तिच्यावर आपण अधिक वेळ थांबू.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० सालीच एक मासलेवाईक उदाहरण नोंदवून ठेवले आहे. रात्रीच्या जेवणासाठी कपडे बदलायला म्हणून शयनगृहात गेलेला विसरभोळा माणूस एकेक कपडा उतरवत जातो आणि शेवटी सरळ अंथरुणात शिरतो. ती खोली आणि कपडे उतरवण्याची ती पहिली हालचाल हे सगळे रोज झोपण्यापूर्वी जसे असते तसेच असल्यामुळे पुढचे काम सवयीने आपल्या हाती घेतले. पुढे जेम्स रीझन या मानसशास्त्रज्ञाने लोकांना आपल्या अशा चुकांची रोजनिशी ठेवायला लावली, तेव्हा त्याला हाच प्रकार पुन्हा पुन्हा आढळला. अशा चुका नवख्या कामात होत नाहीत. त्या होतात अंगवळणी पडलेल्या कामात, आणि तेही मन दुसरीकडे गुंतलेले असताना. चहा करताना, दाराला कुलूप लावताना किंवा जिना उतरताना आपण प्रत्येक हालचालीचा विचार करत बसलो असतो, तर दिवसभरात दोन कामेही धड झाली नसती. ही सगळी कामे सवयीवर सोपवल्यामुळेच डोके मोकळे राहते, आणि त्या सोयीची किंमत म्हणून अधूनमधून चष्मा फ्रीजमध्ये सापडतो.

काही वेळा तर दोष सवयीचाही नसतो, सरळ पदार्थविज्ञानाचा असतो. काठोकाठ भरलेला कॉफीचा कप घेऊन चालताना ती का सांडते, याचा अभ्यास हान्स मायर आणि रुस्लान क्रेचेत्निकोव्ह या दोघांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. नेहमीच्या आकाराच्या कपातले द्रव ज्या गतीने आपोआप हिंदकळते, ती गती आणि माणसाच्या पावलांची लय या दोन्ही एकमेकींच्या पुरेशा जवळ असतात; त्यामुळे प्रत्येक पावलागणिक हिंदकळण्याला थोडा थोडा जोर मिळत जातो आणि काही पावलांतच कॉफी बशीत उतरते. कपाकडे लक्ष ठेवून, एकदम वेग न घेता चालल्यास ती कमी सांडते, हेही त्यांना दिसले. लोणी लावलेला टोस्ट टेबलावरून पडला की लोण्याच्या बाजूनेच पडतो, या तक्रारीतही तथ्य आहे. रॉबर्ट मॅथ्यूज यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले की नेहमीच्या उंचीच्या टेबलाच्या कडेवरून घसरलेल्या टोस्टला जमिनीवर पोहोचेपर्यंत साधारण अर्धीच गिरकी घेता येते, त्यामुळे वरची बाजू खाली येते. आपल्यावर कुणाची वाईट नजर वगैरे काही नसते. टेबल पुरेसे उंच नसते, एवढेच.

आता फजितीकडे वळू. सांडलेली कॉफी पुसायला अर्धा मिनिट लागतो, परंतु 'सगळ्यांनी पाहिले' ही टोचणी संध्याकाळपर्यंत पाठ सोडत नाही. सगळ्यांनी खरोखर पाहिलेले असते का? टॉमस गिलोव्हिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासण्यासाठी विद्यार्थ्यांना, घालायला लाज वाटेल असे चित्र असलेला टी-शर्ट घालून इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवले. खोलीतल्या सुमारे निम्म्या लोकांच्या नजरेत तो टी-शर्ट भरला असेल, असा घालणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात जेमतेम एक चतुर्थांश लोकांना त्यावरचे चित्र सांगता आले. हे संशोधन २००० मध्ये प्रसिद्ध झाले. इतरांचे लक्ष आपल्यावर असते त्याहून खूपच जास्त आहे असे आपण धरून चालतो, कारण आपले स्वतःचे लक्ष मात्र पूर्णपणे आपल्यावरच असते.

बरे, ज्यांनी पाहिले त्यांचे काय? गुन सेमिन आणि अँटनी मॅन्स्टेड यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना एक चित्रफीत दाखवली. दुकानातला एक ग्राहक कागदी गुंडाळ्यांची नीट रचलेली रास पाडतो, एवढाच प्रसंग. मात्र काहींनी पाहिलेल्या चित्रफितीत तो ओशाळतो, तर काहींनी पाहिलेल्या चित्रफितीत काहीच न झाल्यासारखा शांत राहतो. प्रेक्षकांना ओशाळणारा माणूस अधिक आवडला. आपण जो संकोच लपवण्यासाठी धडपडतो, तोच समोरच्याला 'याला आपल्या चुकीची जाणीव आहे' असे सांगत असतो.

याच संदर्भात एलियट अ‍ॅरन्सन यांच्या १९६६ च्या प्रयोगाचा दाखला वारंवार दिला जातो. प्रश्नमंजूषेत जवळजवळ सगळी उत्तरे बरोबर देणाऱ्या माणसाने शेवटी अंगावर कॉफी सांडून घेतली, तेव्हा ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्यांना तो अधिकच आवडू लागला. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पुढचा भाग मात्र सोयीस्करपणे गाळला जातो. ज्याची उत्तरे सुमारच होती, त्याने तशीच कॉफी सांडली तेव्हा तो लोकांच्या मनातून आणखी उतरला. वेंधळेपणाने माणूस लोभस होतो, असा सरसकट निष्कर्ष काढणाऱ्यांनी हा दुसरा निम्मा प्रयोगही वाचावा. नोकरीच्या मुलाखतीला जाताना मुद्दाम पाण्याचा पेला लवंडण्याची युक्ती, थोडक्यात, करू नये.

यावरून आपण हसण्याच्या रीतीपाशी येतो. रॉड मार्टिन या मानसशास्त्रज्ञाने २००३ मध्ये सहकाऱ्यांसह विनोदाच्या चार शैली मांडल्या. त्यांतल्या दोन बाहेरून जवळपास सारख्याच दिसतात, म्हणून त्या नीट वेगळ्या करून पाहायला हव्यात. पहिलीत माणूस प्रसंगातली गंमत हेरतो आणि त्यातून स्वतःला सावरतो. दुसरीत तो इतरांना हसवण्यासाठी स्वतःलाच पायदळी तुडवतो. जिन्यात पाय घसरून सगळी कागदपत्रे उधळल्यावर 'चला, निदान वरची पाने तरी आता खालच्या मजल्यावर वेळेत पोहोचली' असे म्हणणारा माणूस घडलेल्या घटनेवर हसतो. त्याच जागी 'माझ्यासारख्या मूर्खाकडून दुसरे काय होणार' असे म्हणणारा माणूस हशा मिळवतो खरा, परंतु त्या हशाची किंमत तो स्वतःच्या खिशातून भरतो. पहिले वाक्य ऐकणारा हसून कागद गोळा करायला खाली वाकतो; दुसरे ऐकणाऱ्याला आता हसावे की समजूत घालावी, हेच कळेनासे होते. स्वतःला नावे ठेवण्याची सवय विनोदाच्या आडून चालली असेल, तर ती फार उशिरा लक्षात येते, कारण सगळे जण हसतच असतात.

हसण्याची वेळही पाहावी लागते. आपल्या धक्क्याने दुसऱ्याची वस्तू फुटली असेल, कुणाला लागले असेल किंवा कुणाचे काम वाढले असेल, तर आधी काचा उचलाव्यात, माफी मागावी, भरपाईचे विचारावे. कोटी करण्याचा पहिला मान नुकसान झालेल्या माणसाचा आहे आणि त्याने तो घेतला नाही, तर आपण गप्प राहावे. त्याउलट, फक्त आपलीच फजिती झाली असेल तर एक छोटेसे वाक्य पुरते. दहा मिनिटे चाललेले स्पष्टीकरण, ज्यांनी काहीच पाहिले नव्हते त्यांनाही सगळे दाखवून देते.

जाता जाता एक गोष्ट, जिच्यावर हसून चालणार नाही. सुमारे ५ ते ६ टक्के मुलांमध्ये हालचालींच्या समन्वयाचा विकार आढळतो. गुंड्या लावणे, चेंडू झेलणे, अक्षर काढणे यांसारख्या गोष्टी त्यांना बुद्धी उत्तम असूनही जड जातात, आणि धांदरट म्हणून होणारी चेष्टा त्यांना खेळाच्या मैदानापासून दूर नेते. अशा मुलांना तज्ज्ञांच्या देखरेखीखाली त्या त्या कामाचा टप्प्याटप्प्याने सराव दिल्यास फरक पडतो. मोठ्या माणसाच्या बाबतीतही वर्षानुवर्षांचा वेंधळेपणा वेगळा आणि अचानक सुरू झालेला वेगळा. एरवी नीट चालणारा माणूस एकाएकी अडखळू लागला, एकाच हातातून वस्तू निसटू लागल्या किंवा सोबत बोलण्यात जडपणा आला, तर चेष्टा तिथेच थांबवून त्याला विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे.