माती काय धरते, काय सोडते

[हातात मातीचं ढेकूळ]

नमस्कार. हे ढेकूळ जमिनीच्या अगदी वरच्या थरातलं आहे, वीतभर खोलीच्या आतलं. अशा मातीत जगात जवळपास कुठेही सीझियम-१३७ हे किरणोत्सारी द्रव्य सापडतं. प्रमाण अत्यल्प, पण मोजता येण्याइतकं. १९४५ च्या आधी ते मातीत नव्हतं. उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांमधून ते वातावरणात गेलं, पावसाबरोबर खाली आलं आणि मातीच्या कणांना चिकटलं. १९६३ च्या करारानंतर या चाचण्या बऱ्याच कमी झाल्या. सीझियमचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, सुमारे ३० वर्षं, म्हणून तेव्हाचं साधारण पाव सीझियम अजून शिल्लक आहे. ते इतकं घट्ट बसलंय की उतारावर ते कमी भरलं तर मृदाशास्त्रज्ञ ओळखतात, इथली माती वाहून गेली.

आता हे घट्ट बसणं म्हणजे काय, ते आधी बघू, कारण आजचा सगळा विषय त्यावर उभा आहे. चिकणमातीच्या कणांवर आणि कुजून तयार झालेल्या सेंद्रिय पदार्थावर ऋण विद्युतभार असतो. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम हे धनभाराचे, म्हणून माती त्यांना धरून ठेवते. नायट्रेट ऋणभाराचं, त्याला ती धरू शकत नाही. आपण मातीत काय टाकतो याची चर्चा खूप होते. ही पकडच आपण बदलतो, त्याबद्दल फार कमी बोललं जातं, आणि मला ती गोष्ट जास्त गंभीर वाटते.

अमोनियमयुक्त खताचं उदाहरण घ्या. मातीतले जीवाणू अमोनियमचं नायट्रेट करतात, आणि ते करताना हायड्रोजन आयन सुटतात, म्हणजे आम्लता वाढते. पिकाने न उचललेलं नायट्रेट पाण्याबरोबर खाली झिरपतं. जाताना ते एकटं जात नाही, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला सोबत नेतं. त्यांच्या रिकाम्या जागी हायड्रोजन बसतो. सामू, म्हणजे पीएच, ६ वरून ५ वर आला, तर आकडा एकाने बदलला असं वाटतं. प्रत्यक्षात आम्लता दहापट झालेली असते. सामू ५ च्या आसपास आणि त्याखाली खनिजांमध्ये बंदिस्त असलेलं अ‍ॅल्युमिनियम विरघळायला लागतं आणि मुळांची टोकं खुंटतात. समोर पीक पिवळं दिसतं, आणि आपण आणखी खत टाकतो!

इंग्लंडमधल्या रोथमस्टेड संशोधन केंद्रात १८५६ पासून एका गवताळ कुरणावर प्रयोग चालू आहे. ज्या तुकड्यांना वर्षानुवर्षं अमोनियम सल्फेट दिलं आणि चुना दिला नाही, तिथला सामू ४ च्याही खाली गेला. खत न दिलेल्या तुकड्यात गवत आणि रानफुलांच्या तीसच्या वर जाती, आणि इथे जेमतेम दोन-तीन. गांडुळं जवळपास नाहीशी झाली. मेलेलं गवत कुजेना, त्याचा जाड थरच साचत गेला. एकाच कुरणात, काही पावलांच्या अंतरावर.

नांगरटीचं थोडक्यात सांगतो. माती उलटली की सेंद्रिय पदार्थाला भरपूर हवा मिळते, सूक्ष्मजीव तो वेगाने खातात आणि कर्ब वायू होऊन निघून जातो. कर्ब गेला की पकडणारे हात कमी झाले.

शिसं मात्र वेगळं वागतं. १९२३ पासून ते पेट्रोलमध्ये घातलं जात होतं. गाड्यांसाठी त्याची विक्री करणारा शेवटचा देश अल्जेरिया, तिथे ती २०२१ मध्ये थांबली. धुरातून पडलेलं शिसं जुन्या रस्त्यांच्या कडेला आजही वरच्या थरात आहे. ते मूलद्रव्य आहे, कुजून संपणार नाही. मुळांमधून ते फारसं वर चढत नाही. धोका आहे तो धुळीचा, पानांवर बसलेल्या मातीचा, आणि मातीत खेळून तोंडात जाणाऱ्या लहान मुलांच्या हातांचा. म्हणून पालेभाजी नीट धुवा आणि मुलांचे हात धुवायचा कंटाळा करू नका. कॅडमियम हा विषारी धातू याच्या उलट. फॉस्फेट खडकातून खतात आणि खतातून मातीत येतं, आणि आम्लता वाढली की माती ते सोडून देते, पीक उचलतं. म्हणजे एका खताने पकड सैल केली आणि दुसऱ्या खतातून आलेलं कॅडमियम मोकळं झालं.

आम्लतेवर उपाय आहे: माती तपासून, लागेल तेवढाच चुना. चुन्याने कॅडमियमही पुन्हा बांधलं जातं, पण जमिनीतून जात नाही.

आणि माणसाने पकड वाढवल्याचंही उदाहरण आहे. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातली मूळ माती लालसर-पिवळी, पोषणद्रव्यं पटकन धुऊन जाणारी. तिच्यात मध्येच काळ्याभोर मातीचे पट्टे लागतात. युरोपीय लोक येण्याच्या कितीतरी आधी तिथे राहणाऱ्यांनी कोळसा, राख, माशांची हाडं, घरातला ओला कचरा जमिनीत घातला. शेकडो वर्षांचा मुसळधार पाऊस झेलूनही त्या मातीत फॉस्फरस आणि कॅल्शियम आजूबाजूपेक्षा जास्त आहे, आणि लोक आजही तीच जागा शोधून तिथे पेरतात.