आतून कडी

(दृश्य : पश्चिम रेल्वे, महिलांचा डबा. सकाळ.)

पावणेसातची लोकल पकडायची तर लेकीला सहाच्या आत पाजून घ्यावं लागतं. लेक पाच महिन्यांची. तिला सासूबाईंकडे देऊन ही आई नालासोपाऱ्याहून कॉलेजला निघते. एम.ए.चं दुसरं वर्ष आहे. स्वतःचं नाव सांगायला तिची हरकत नव्हती, पण त्यावरून कॉलेज ओळखू येईल म्हणून ‘नकोच’ म्हणाली.

बॅगेत एक हातपंप, उकळून घेतलेल्या दोन बाटल्या आणि टॉवेलात गुंडाळलेला बर्फाचा डबा. गर्दी वाढली की ती बॅग पोटाशी घट्ट धरते. नोट्स मात्र हातात. त्या चुरगळल्या तरी चालतात.

(दृश्य : कॉलेजचा व्हरांडा, लेक्चरची घंटा.)

दुसरं लेक्चर अर्ध्यावर आलं की छाती भरून येते. दोन-तीन तासांत दूध काढलं नाही, तर ते दाटतं, गाठी होतात, कधी तापही भरतो. आणि असं रोज झालं, तर दूध आटत जातं, कारण जितकं निघतं तितकंच शरीर पुन्हा तयार करतं. एकदा सासूबाईंनी लेकीचा व्हिडिओ पाठवला. त्यात ती रडत होती. तो आवाज ऐकला आणि भर वर्गात पान्हा फुटला. तेव्हापासून ती ओढणीला पिना लावून येते, आणि घरचे व्हिडिओ घरी गेल्यावरच बघते.

(दृश्य : बंद दार, त्यावरची पाटी.)

कॉलेजात ‘हिरकणी कक्ष’, म्हणजे बाळाला पाजायला किंवा दूध काढायला राखीव खोली आहे, बरं का. पाटीही सुरेख आहे. दाराला कुलूप, चावी ऑफिसात. रजिस्टरमध्ये नाव, वर्ग आणि ‘कारण’ लिहिलं की मिळते. पहिल्या दिवशी तिने कारणाच्या रकान्यात ‘वैयक्तिक’ लिहिलं. ‘वैयक्तिक म्हणजे?’ खिडकीतून मोठ्यांदा प्रश्न आला. मागे फी भरायला आलेल्या मुलांची रांग. ती पुन्हा चावी मागायला गेली नाही.

हिरकणीची गोष्ट आपण सगळे शाळेत ऐकतो. कोजागिरीला गवळण रायगडावर दूध घालायला गेली, दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून ती रात्री कडा उतरली. आपल्या लक्षात राहिला तो कडा. दरवाजा कुणी उघडला नाही, हेही त्याच गोष्टीत आहे.

(दृश्य : जिना. कॅमेरा पुढे जात नाही.)

मग ती मुलींच्या टॉयलेटमध्ये जाते. आम्ही कॅमेरा बाहेरच ठेवला. आत उभ्यानेच पंप चालवायचा, बाहेरून दार वाजत राहतं. घाईत दूधही नीट उतरत नाही. साठ मिली निघालं तर तो दिवस चांगला. एकदा भरलेली बाटली हातातून निसटली.

कायद्याचं म्हणाल, तर 1961च्या मातृत्व लाभ कायद्याने नोकरदार आईला, मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत, दिवसातून दोनदा पाजण्यासाठी वेळ दिला. 2017च्या दुरुस्तीने पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली, आणि 50 किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. म्हणजे तिला शिकवणाऱ्या प्राध्यापिकेला हक्क आहे. समोरच्या बाकावरची ती मात्र ‘कर्मचारी’ नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) पीएच.डी.च्या विद्यार्थिनींना 240 दिवसांची रजा दिली. बी.ए., एम.ए.च्या मुलींसाठी रजेचे आणि हजेरीचे नियम करा, असं 2021मध्ये विद्यापीठांना कळवलं. पण रजा संपवून परत आलेल्या मुलीने अकरा वाजता जायचं कुठे?

आणि हे घडतंय मुंबईत. याच शहरात, सायन हॉस्पिटलमध्ये, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. एका आईचं दूध पाश्चराइज करून, गोठवून दुसरीच्या अशक्त बाळापर्यंत पोहोचवणं आपल्याला तेव्हापासून जमतं.

इथे प्रश्न अंधेरी ते नालासोपारा एवढाच आहे. काढलेलं दूध 25 अंशांपर्यंत चार तास टिकतं, फ्रिजमध्ये चार दिवस. ती अकराला दूध काढते आणि चारला घरी पोहोचते. मेमध्ये बर्फ बोरिवलीच्या आत पाणी होतो. म्हणून ती एक छोटा फ्रिज मागते. शिवाय हात टेकता येतील अशी खुर्ची, धुवायला नळ, एक प्लग. आणि चावी मागावी लागू नये, एवढं.

(दृश्य : जिन्याखालची खोली. झाडू, बादल्या, फिनेलचा कॅन.)

बाटली सांडली त्या दिवशी सफाईच्या मावशी फडकं घेऊन आल्या. काही विचारलं नाही. फरशी पुसली आणि तिला इथे घेऊन आल्या. त्यांची कपडे बदलायची खोली. स्टुलावरची पिशवी उचलून त्यांनी जागा केली.

‘बस गं. कडी आतून लागते.’

मावशींची ड्युटी दोनला संपते. त्यामुळे दुपारचं शेवटचं लेक्चर ती सध्या सोडते.