वायुदूत: एकोणीस खुर्च्यांचा हिशेब

मंडळी, पार्ल्यात उभं राहून विमानांवर बोलायचं म्हणजे डोक्यावरून एखादं गेलं की थांबावं लागणार. तेवढं सांभाळून घ्या.

वायुदूत ही विमान कंपनी २६ जानेवारी १९८१ ला सुरू झाली. मालक एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स, म्हणजे तेव्हा सरकारच. मूळ काम ईशान्य भारतातलं. तिथे रस्त्याने अख्खा दिवस मोडायचा, तेव्हा तोटा सोसूनही विमान हवं, यात वाद नव्हता. पण मग देशभरातून मागणी सुरू झाली. आपल्या गावाला विमान नको म्हणणारा खासदार अजून जन्माला यायचाय!

आपल्याकडे मुंबई-कोल्हापूर सुरू झालं. वायुदूतकडे डॉर्निअर २२८ ही एकोणीस खुर्च्यांची छोटी विमानं होती. बनावट मूळची जर्मन, पण परवान्यावर एचएएल ही सरकारी विमान कंपनी ती कानपूरला बांधायची. आतला भाग खोक्यासारखा चौकोनी. मधल्या चिंचोळ्या वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेकच खुर्ची, त्यामुळे खिडकीवरून भांडण नाही. आखूड धावपट्टीवर ते सहज उतरायचं. मात्र केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोय नाही, त्यामुळे फार उंच जाता येत नसे. पावसाळ्यात ढगांच्या वरून जायचं सुख मोठ्या विमानांना. यांनी सह्याद्री ओलांडायचा तो ढगांतूनच.

विमान चांगलं होतं, गणित वाईट होतं. एकोणीसपैकी सात जागा रिकाम्या गेल्या, की एक तृतीयांशाहून जास्त उत्पन्न गेलं. वैमानिक मात्र दोन लागतातच, आणि विमान येवो न येवो, तळावरची माणसंही पोसावी लागतात. त्यात समोर स्पर्धेला कोण, तर महालक्ष्मी एक्सप्रेस! रात्री मुंबईत झोपा, सकाळी कोल्हापुरात उतरा.

अपघातही झाले. १९ ऑक्टोबर १९८८ ला गुवाहाटीजवळ वायुदूतचं फोकर बनावटीचं विमान पडलं, ३४ जण गेले. पुढच्याच सप्टेंबरात पुण्याहून हैदराबादला निघालेलं डॉर्निअर इंदापूरजवळ उजनीच्या पाण्यात कोसळलं. अकरा जण होते, कुणीच वाचलं नाही.

१९९३ मध्ये वायुदूत इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करायचं ठरलं, आणि १९९७ पर्यंत उरलंसुरलंही आवरलं.

लोक म्हणतात, सरकारी कारभार, बुडणारच. मला हे अर्धंच पटतं. रिकाम्या खुर्चीचे पैसे कोण देणार, हे विमान उडण्याआधी ठरलेलं नव्हतं, हे खरं दुखणं. २०१७ मध्ये उडान या, छोट्या गावांना विमानाने जोडणाऱ्या सरकारी योजनेची विमानं उडू लागली, त्यात निदान हा आकडा आधी कागदावर येतो. किती जागा सवलतीच्या, किती भरपाई, किती वर्षं, सगळं ठरलेलं.

मुंबईची अडचण त्यानेही सुटत नाही. सांताक्रूझच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी साधारण एकच वापरता येते. एकोणीस जणांचं विमान उतरायला जी वेळ अडवतं, तेवढ्यात एकशे ऐंशी जणांचं उतरतं. उलट मोठ्या विमानामागे हवेचे भोवरे उठतात, म्हणून छोट्याला जास्तच अंतर ठेवून यावं लागतं. आता सांगा, विमानतळ चालवणारा ती वेळ कोल्हापूरला देईल की दिल्लीला?