येरळेचं पाणी मोजायचं कशात?

हे येरळा नदीचं पात्र. सांगली जिल्हा म्हटलं की ऊस आणि द्राक्षबागा आठवतात, पण खानापूर तालुक्याचा हा भाग दुष्काळी. १९८२ च्या गिरणी संपात मुंबईहून गावी परतलेले कामगार आणि इथले शेतकरी मुक्ती संघर्ष चळवळीत एकत्र आले. नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेत होते. लोक म्हणाले, थोडी वाळू आम्हीच विकतो आणि त्या पैशातून धरण बांधतो. त्यातून, सोबत श्रमदान आणि बाहेरच्या मित्रांची मदत घेऊन, उभं राहिलं बळीराजा स्मृती धरण.

पण त्याहून मोठी गोष्ट पाणीवाटपाची. हिस्सा प्रत्येक कुटुंबाला. ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, त्यालासुद्धा. आणि या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही.

१९३२ मध्ये ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ लायोनेल रॉबिन्स यांनी मांडलं होतं, की माणसांनी कोणतं ध्येय ठेवावं हे अर्थशास्त्र सांगत नाही. अपुरी साधनं कशी वापरली जातात, एवढंच ते अभ्यासतं. मग येरळेचं पाणी या शास्त्राच्या हवाली करून बघा. हिशेब एकरी उत्पन्नाचा धरला, तर पाणी बागायतदाराच्या शेताकडे वळतं. माणशी धरला, तर ते मजुरी करणाऱ्या भूमिहीन बाईपर्यंत पोचतं. गणित दोन्हीकडे बरोबर. एकर धरायचा की माणूस, हे मात्र गणिताच्या आधीच कुणीतरी ठरवलेलं असतं.

उत्पन्नाचा विचार चुकीचा नाही. दुष्काळात थेंब न् थेंब मोजावाच लागतो. खटकतो तो १९३९ मध्ये निकोलस कॅल्डॉर आणि जॉन हिक्स या अर्थशास्त्रज्ञांनी दिलेला निकष. ज्यांचा फायदा झाला ते, नुकसान सोसणाऱ्यांना भरपाई देऊनही नफ्यात राहू शकत असतील, तर तो बदल हिताचा. भरपाई खरोखर द्यायची अट नाही! ज्या घरात ती पोचलीच नाही, त्या घराचं दुःख या हिशेबात येतच नाही. याला तटस्थ कसं म्हणायचं?

खानापूरकरांनी आपली बाजू आधी उघड सांगितली आणि मग पाणी मोजलं. पुढे शेजारच्या आटपाडीत क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकारानं पाणी परिषदा भरू लागल्या. तिथेही मागणी हीच होती: कृष्णेचं पाणी दुष्काळी तालुक्यांत आणा, आणि वाटताना ते समान वाटा.