करवती छपराखाली

[दृश्य: बंद मिलची शेड बाहेरून. छपराचे दाते एकामागून एक.]

आधी छपराकडे बघा. एक बाजू तिरकी, पत्र्याची. दुसरी जवळजवळ उभी, काचेची. काचेची बाजू नेहमी उत्तरेला. मागावर थेट ऊन पडलं की तुटलेला धागा डोळ्याला दिसत नाही, आणि सूत तापून वाळलं की जास्त तुटतं. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो. म्हणून इंग्लंडमधल्या गिरण्यांनी हे छप्पर घेतलं आणि तिथून ते आपल्याकडे आलं.

सोलापुरात मात्र त्यात एक गंमत होते. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारचा सूर्य इथं माथ्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो. इंग्लंडमध्ये असं कधीच घडत नाही. त्या दिवसांत दुपारी बाराच्या सुमाराला या काचांतून उन्हाची एक बारीक पट्टी सरळ जमिनीवर उतरते. मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात आम्ही कॅमेरे घेऊन इथं आलो ते त्या पट्टीसाठी.

ही मिल कोणती, ते सांगणार नाही. पडक्या जागेचा पत्ता फिरायला लागला की फोटोवाल्यांच्या आधी भंगारवाले पोचतात.

[दृश्य: जुन्या सोलापूरचे रस्ते, चिमणी, पेठेतली गल्ली.]

1860 मध्ये सोलापुरात रेल्वे आली. 1877 मध्ये, दुष्काळाच्या दिवसांत, सेठ मोरारजी गोकुळदासांची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल उभी राहिली. तीच आपली जुनी मिल. मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम. भोंग्यावर उठणारं, भोंग्यावर जेवणारं शहर तयार झालं. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, चारही भाषा मिलच्या एकाच खात्यात, म्हणजे विभागात.

जुनी मिल कायद्याच्या पुस्तकांतही आहे, हे सोलापूरकरांनाही फारसं माहीत नसतं. 1949 मध्ये मालकांनी ती बंद केली. जानेवारी 1950 मध्ये केंद्र सरकारनं या एकाच कंपनीसाठी खास अध्यादेश काढून कारभार ताब्यात घेतला. एका भागधारकानं विचारलं, एकाच कंपनीसाठी वेगळा कायदा, मग समानता कुठे राहिली? सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षी 3 विरुद्ध 2 मतांनी त्याची याचिका फेटाळली. 1953 मध्ये दुसऱ्या भागधारकाच्या खटल्यात निकाल सरकारच्या विरोधात गेला: भरपाई न देता मालमत्ता काढून घेतली, असं न्यायालयानं ठरवलं. आजही कायद्याची मुलं हे दोन्ही खटले शिकतात. त्या निकालांमागे ज्यांचा पगार थांबला होता, त्यांची खाती कशी दिसायची याचे फोटो मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

[दृश्य: आत. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या खांबांची रांग.]

आत आल्यावर लगेच कॅमेरा काढायचा नाही. पाच-दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं. डोळे अंधाराला सरावू द्यायचे आणि वर बघायचं. दोन दात्यांच्या मधल्या खोलगट जागेत पन्हळ असते. पुष्कळ गिरण्यांत बिडाचे खांब आतून पोकळ ठेवत. छपराचं पाणी पन्हळीतून खांबात आणि खांबातून जमिनीखालच्या गटारात. मिल चालू होती तेव्हा पावसाळ्याआधी कोणीतरी वर चढून पन्हळी साफ करायचा. ते थांबलं आणि पिंपळ उगवला. मुळांनी पन्हळ तुंबली, पाणी भिंतीत मुरलं, खांब तळाशी गंजला. छप्पर पहिल्यांदा बसतं ते याच रेषेवर. त्यामुळे पन्हळीखाली ट्रायपॉड लावायचा नाही, कितीही चांगली चौकट मिळत असली तरी. आणि फुटलेल्या सिमेंटच्या पत्र्यांना हात लावायचा नाही. त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. मास्क बाहेरूनच लावून यायचं.

[दृश्य: जमीन, अगदी जवळून. बोल्टची भोकं.]

रिकामी शेड सुंदर दिसते. कोळिष्टकं, गंज, उन्हाची पट्टी. असे फोटो आम्हीही काढले, आणि ते आम्हाला पुरेसे वाटत नाहीत. जिथं माणसांनी जन्म घालवला, तिथं काम काय चालायचं ते फोटोत दिसलं पाहिजे.

या मिलच्या रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायच्या विभागात, जॉबर (मुकादम) असलेले एक मामा आमच्यासोबत होते. ते भिंतींकडे बघतही नव्हते, खाली बघत चालले होते. एका जागी थांबून त्यांनी चपलेच्या टोकानं धूळ सारली. चार भोकं. "हितं साच्याचा पाय व्हता. हितनं त्या खांबापर्यंत एक साचा. आन् ही मधली वाट माजी." साचा म्हणजे सूत कातायचं यंत्र. वाटेवरची फरशी बाजूच्या फरशीपेक्षा गुळगुळीत झालेली. आम्ही टॉर्च जमिनीलगत आडवा धरला, आयएसओ 100 वर, 20 सेकंद शटर उघडं ठेवलं. आडव्या उजेडात भोकं, तेलाचे डाग आणि ती झिजलेली वाट तिन्ही उठून आलं. मामांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर बोट ठेवून सांगितलं, बॉबिनच्या, म्हणजे सूत गुंडाळायच्या रिळांच्या, पेट्या कुठं असायच्या. आम्ही ते जागेवरच लिहून घेतलं.

[दृश्य: बॉयलर घर. भिंतीतली काळी कमान.]

आता जमिनीखाली. बॉयलरपासून चिमणीपर्यंत धूर नेणारा विटांचा बोगदा असतो. ही त्याचीच कमान. आम्ही आत गेलो नाही. बाहेरून, दारातूनच फोटो घेतला.

सोलापूर जिल्ह्याला जमिनीखालच्या हवेचा धडा पेवानं पूर्वीच दिलाय. पेव म्हणजे गावठाणाच्या पांढऱ्या मातीत खणलेला, तोंडाला अरुंद, पोटात रुंद खड्डा. आतून कडबा लावायचा, ज्वारी भरायची, वर दगड ठेवून माती लिंपायची. बंद पेवात धान्य श्वास घेतं, प्राणवायू संपतो, कार्बन डायऑक्साइड साठतो. त्यानंच किडे मरतात आणि ज्वारी टिकते. माणूसही त्यानंच मरतो. हा वायू हवेपेक्षा जड, तो तळाशीच बसतो. आधी एक उतरतो आणि पडतो, मग त्याला काढायला उतरलेला दुसरा. जाणती माणसं पेव उघडून बराच वेळ तसंच ठेवत, मग दोरीला दिवा बांधून खाली सोडत. दिवा विझला तर उतरत नसत.

पण मिलच्या बोगद्यात सांडपाणी साचलेलं असेल तर दिव्यावर विसंबू नका. हायड्रोजन सल्फाइड हा तिथला विषारी वायू दिवा विझवेलच असं नाही, आणि प्रमाण वाढलं की त्याचा कुजका वासही नाकाला कळेनासा होतो. वायू मोजणारं यंत्र, वर उभं राहणारं माणूस आणि परवानगी, यांतलं एक जरी नसेल तरी उतरायचं नाही.

परवानगी खरंच मिळते. वेळ लागतो, जागा कुणाच्या ताब्यात आहे ते शोधावं लागतं, अर्ज द्यावा लागतो. वॉचमन सोबत असला की तो कुलूप तर उघडतोच, शिवाय कुठला जिना पोकळ झालाय तेही सांगतो. कुंपणावरून उडी मारून काढलेला फोटो कुठल्याच संग्रहात नीट ठेवता येत नाही. आतलं काही उचलायचं नाही, पडलेली बॉबिनसुद्धा. ती कुठं पडली आहे, यालाही अर्थ असतो.

[दृश्य: इंद्रभुवनचा दर्शनी भाग.]

अप्पासाहेब वारदांनी बांधलेली इंद्रभुवन ही इमारत टिकली, कारण तिथं महापालिकेचं कामकाज आलं, रोजचा वापर राहिला. मिलच्या शेडही वापरात येऊ शकतात. उजेड आहे, उंची आहे, जागा आहे. जोवर तसं होत नाही तोवर प्रत्येक खात्याचा नकाशा, मोजमाप आणि फोटो तयार असायला हवेत.

[दृश्य: टेबलावर जुना कृष्णधवल फोटो.]

हा फोटो एका घरातून मिळाला. खंडेनवमीचा. यंत्राला झेंडूचा हार, पुढं नारळ, मागं खात्यातली सगळी माणसं. तुमच्या घरी अल्बममध्ये, ट्रंकेत, देव्हाऱ्याच्या वर असा फोटो असेल. मूळ फोटो आम्हाला देऊ नका, स्कॅन करून पाठवा. मागच्या बाजूला काही लिहिलं असेल तर तेही स्कॅन करा. मिल कोणती, खातं कोणतं, पाळी कोणती, आणि ओळखता येतील तेवढ्यांची नावं घरच्या थोरल्यांना विचारून लिहा. फोटोत खांब दिसत असला तर फारच चांगलं. त्या खांबावरून आम्ही आजची जागा शोधू आणि त्याच कोनातून नवा फोटो घेऊ.