आत सोडलेली माया

(दृश्य: पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाचं वावर, सकाळ. वेचणाऱ्या बायांची रांग.)

डिसेंबर लागला की आमच्या यवतमाळकडच्या वावरांत एक पोशाख दिसतो. खाली पातळ, डोक्याला दुपट्टा, आणि वरून घरातल्या माणसाचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट. बोंड उकललं की त्याच्या पाकळ्या वाळून टोकदार होतात, हात ओरबाडून काढतात. वरून ऊन. म्हणून शर्ट.

रांगेतली तिसरी, आकाशी शर्टातली, ती माझी मोठी आई. तिच्या शर्टाकडे नीट बघा. काखेपासून खाली, दोन्ही बाजूंना बोटभर रुंद पट्टी आहे, बाकीच्या कापडाहून गडद निळी. मी कितीतरी वर्षं ते ठिगळ समजत होतो.

ते ठिगळ नाही. हा शर्ट २००६ च्या दिवाळीला मोठ्या बाबांसाठी शिवला. तालुक्याच्या बाजारातून मीटरवर घेतलेलं सुती कापड. पुढे मोठे बाबा अंगानं भरले, पोटावर बटणं ताणायला लागली. तेव्हा टेलरनं बाजूच्या शिवणी उसवल्या आणि आत दडवलेलं कापड बाहेर काढलं. बाहेरचं तोवर उन्हानं आणि धुण्यानं विटलेलं, आतल्याला ऊन कधी लागलंच नव्हतं. त्या दोन पट्ट्यांवर अजून २००६ सालचा रंग आहे. नंतर कॉलर घासली, तर ती उसवून, उलटी करून पुन्हा लावली. आता सहा हिवाळे झाले, शर्ट मोठ्या आईच्या अंगावर वावरात येतो.

शिवणीच्या आत राखलेल्या त्या जादा कापडाला शिवणारे लोक 'माया' म्हणतात.

(दृश्य: गावातलं टेलरचं दुकान. पायाची मशीन, पाटावर खडू आणि टेप.)

मागच्या वर्षी चुलतभावाच्या लग्नाला मी एक तयार कुर्ता घेतला. मोबाईल उघडला की त्या महिन्यात तोच दिसायचा. हळदीच्या दिवशी पंगतीत वाढायला वाकलो आणि काखेत टर्रकन फाटला. टेलरभाऊंनी तो उलटा केला, शिवणीवरून अंगठा फिरवला. म्हणाले, "कपडा त बरा हाय जी, पण माया नाही ह्याच्यात. पकडू कुठं?"

कारखान्यातली ओव्हरलॉक मशीन शिवता शिवताच कडेचं कापड पात्यानं कापत जाते. आत उरतं जेमतेम पाव इंच. हजारो नग काढायचे तर इंच इंच वाचवल्यानं थानंच्या थानं वाचतात, हा त्यांचा हिशोब मला कळतो. पण तो कपडा आजच्या दिवसाच्या अंगासाठी शिवलेला असतो. पुढच्या वर्षी तुम्ही दोन किलोनं वाढाल, हे त्यानं धरलेलंच नसतं, कारण पुढच्या वर्षी तो तुमच्याकडे असेल असंच कुणी धरलेलं नसतं.

(दृश्य: आठवडी बाजार. दोरीवर टांगलेले झगझगीत कपडे.)

बाजारात या दोऱ्यांसमोर पोरींची गर्दी असते. त्यांना नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. वर्षभर मजुरी करून सणाला काहीतरी नवं, चमकतं अंगावर यावंसं वाटणं साधं आहे, खरं आहे. मला सलतं ते वेगळं. दोरीवरचं बहुतेक कापड पॉलिस्टरचं आहे, म्हणजे मुळात खनिज तेलाचं. सुती धागा हवेतली आठ-साडेआठ टक्के ओल स्वतःत धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. मे महिन्यात इथं पारा ४५ च्या वर जातो. घाम शोषून घेणारं बोंड ज्यांच्या वावरात पिकतं, तीच माणसं तेव्हा अंगाला चिकटणारा कपडा घालून बसलेली असतात. कापूस क्विंटलनं विकायचा आणि त्या पैशात हे घ्यायचं.

मोठी आई कापड घेते तेव्हा बघत राहावं. आधी उलटं करते. सुलट्या बाजूनं दुकानदार बोलतो, ती उलटी बाजू वाचते. मग कापडाचं टोक मुठीत गच्च धरून ठेवते, तोंडानं भाव करत राहते, आणि मूठ सोडून चुण्या बघते. मग उजेडाला धरते. वीण विरळ दिसली की थान परत. रंगाचं सगळ्यात शेवटी विचारते.

(दृश्य: लोखंडी पेटी. पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं पातळ.)

तिच्या पेटीत एकच भारी वस्त्र आहे, तिच्या सासूचं करवती काठाचं पातळ. भंडारा-नागपूरकडचे विणकर ते विणतात. अंग कोशाच्या रेशमाचं, काठ सुताचा. मागावर एका वेळी आडवा धागा नेणारे तीन धोटे चालतात, दोन काठांचे दोन आणि मधल्या अंगाचा एक. प्रत्येक फेरीला काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवावा लागतो, आणि त्या अडकण्यातूनच करवतीचे दाते उमटतात. म्हणून हे दाते छापलेल्या नक्षीसारखे पुसले जात नाहीत. पूर्व विदर्भाच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या पाल्यावर वाढणाऱ्या किड्याचा हा कोसा. रंग न देताही मधासारखा दिसतो. सासूच्या अंगावर तो शोभला, मोठ्या आईला शोभला, मागच्या वर्षी तिच्या मुलीनं त्याच लग्नात नेसला, ज्यात माझा कुर्ता फाटला. फोटोत तिघींपैकी कुणीही जुन्या काळातली वाटत नाही.

शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आहे. १९२१ च्या सप्टेंबरात मदुराईत गांधीजींनी आखूड पंचा धरला, तोच नेसून ते १९३६ साली तिथं राहायला आले आणि शेवटापर्यंत त्यातच राहिले. आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांनी खादीचं धोतर, बंडी कधी बदलली नाही, त्यात गरिबी होती तसा तो वाराही होता.

(दृश्य: पुन्हा टेलरचं दुकान, जूनची पहिली सर. मोठी आई आणि नात.)

नातीला दहावीच्या वर्गासाठी नवा ड्रेस शिवायचा आहे. माप घेऊन झालंय. टेलरभाऊंनी कापडावर खडूची रेघ ओढली आणि कात्री उचलली. मोठी आई पुढे झाली, रेघेच्या बाहेर दोन बोटं ठेवली.

"इथून काप, भाऊ. दीड इंच राहू दे आत. पोरगी वाढून राहिली."