ठिगळांची वही

[दृश्य: मे महिन्यातली परभणी. वसमत रोडवरचं दुपारचं रिकामं ऊन. वरच्या मजल्यावरची खोली, कूलरचा घरघराट.]

मे महिन्यात परभणीचं ऊन ४४ अंशांच्या आसपास जातं. दुपारी बाराच्या पुढं रस्त्यावर माणूस दिसत नाही. आम्ही तिघं मात्र या खोलीत असतो, कारण आमचा हंगाम नेमका हाच. शेतकऱ्याला खरीप आणि रब्बी, तसे आम्हाला मे आणि नोव्हेंबर. वर्षातून दोनदा, याच दोन महिन्यांत, कोहाची नवी आवृत्ती येते.

कोहा म्हणजे ग्रंथालय चालवायचं मुक्त सॉफ्टवेअर. पुस्तकांच्या नोंदी, सभासद, देवघेव, दंड, सगळं त्यात. इथल्या ग्रंथालयांत ते आम्ही तिघं सांभाळतो. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ भागातल्या ग्रंथालयांची जुनी प्रणाली २००० साल ओलांडणारी नव्हती, म्हणून १९९९ मध्ये हे लिहायला घेतलं आणि जानेवारी २००० मध्ये तिथं सुरूही झालं. नाव माओरी भाषेतलं. अर्थ भेट, पण आपल्याकडच्या आहेरासारखी. घेतली की कधीतरी परत करायची.

[दृश्य: ग्रंथालयातलं कापडी बांधणीचं जुनं रजिस्टर. बोट नावांवरून खाली सरकतं.]

हे रजिस्टर बघा. काशीद, कासार, मग काळे. शाळेत आपण मुळाक्षरं शिकलो त्यात ळ हा ह नंतर येतो, म्हणून काळे खाली. क्षीरसागर तर पार शेवटच्या पानावर. संगणकाचा नेहमीचा क्रम वेगळा. त्याच्या लेखी ळ लगेच ल च्या मागं उभा, आणि क्ष म्हणजे नुसता जोडलेला क. त्यामुळं काळे वर सरकतात आणि क्षीरसागर खरातांच्या आधी येऊन बसतात. दुसरं दुखणं ‘वऱ्हाड’ शब्दाचं. त्यातला अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, शोधणाऱ्या यंत्राला दोन वेगळे शब्द. एका तऱ्हेनं नोंदवलेलं पुस्तक दुसऱ्या तऱ्हेनं शोधलं की ‘सापडले नाही’. पुस्तक समोरच्या फडताळात.

यावर उपाय एकच. कोहाच्या मूळ कोडवर आपलं ठिगळ लावायचं.

त्या ठिगळाला पॅच म्हणतात. कोणत्या फाइलमध्ये, कुठल्या ओळींच्या शेजारी, कुठली ओळ काढायची आणि कुठली घालायची, एवढं सांगणारी साधी मजकुराची फाइल. दोन फाइलींतला फरक काढणारा डिफ हा प्रोग्राम युनिक्स या संगणकप्रणालीवर सत्तरच्या दशकात आला. तो फरक वाचून दुसऱ्याच्या प्रतीवर लावणारा पॅच नावाचा प्रोग्राम लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये लिहिला. त्याची हुशारी अशी की मूळ ओळी थोड्या वरखाली सरकल्या तरी तो आजूबाजूच्या ओळी ओळखून जागा शोधतो. ओळखी पुरेशा पटल्या नाहीत तर अंदाजानंही लावतो. हा अंदाज कधीकधी घात करतो. ठिगळ लागतं, पण भलत्याच जागी, आणि तक्रार कुणीच करत नाही.

एकच ठिगळ असेल तर डोक्यात राहतं. आमची चौदा होती. त्यांचा क्रमही ठरलेला. पाचवं ठिगळ तिसऱ्याच्या अंगावर बसतं, तिसरं काढलं की पाचवं उसवतं.

[दृश्य: अंगणात वाकळ शिवणारे हात. जुन्या लुगड्याचे थर, धावदोरा.]

असे थर सांभाळायला जे साधन आम्ही वापरतो त्याचं नाव क्विल्ट, म्हणजे सरळ आपली वाकळ. लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीवर शेकडो पॅच एकाच वेळी अंगावर बाळगणाऱ्या अँड्र्यू मॉर्टन यांनी स्वतःच्या सोयीसाठी काही स्क्रिप्ट लिहिल्या होत्या, त्यांच्यापासून ते तयार झालं. त्याला आकार दिला आंद्रेआस ग्रुएनबाखर यांनी, सूझे या जर्मन कंपनीत असताना. जगात जर्मनी, भारतात परभणी. या म्हणीचा एवढा नेमका उपयोग आमच्याआधी कुणी केला नसेल.

क्विल्टची रीत सोपी आहे. पॅचच्या सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये. शेजारी सीरीज नावाची यादी, एका ओळीवर एक पॅच. पुश म्हटलं की यादीतला पुढचा थर चढतो, पॉप म्हटलं की वरचा उतरतो. मधल्या थरात काही बदलायचं तर तिथपर्यंत उतरायचं, फाइल आधी ‘ॲड’ करायची, बदलायची, मग रिफ्रेश. ॲड करायला विसरलात तर बदल कोडमध्ये दिसतो आणि पॅचमध्ये नसतो. हे प्रत्येकाचं एकदा होतंच. माझं तीनदा झालं.

[दृश्य: रात्र. फोनचा पडदा उजळतो.]

आमचं खरं फसलं ते वेगळ्याच ठिकाणी. एका संध्याकाळी ग्रंथपाल काकांचा फोन आला.

“काय रे बाबा, परवापर्यंत तर नीट होतं. क्षीरसागर मॅडमचं नाव पुन्हा खरातांच्या वर कामून गेलं?”

“काका, बघायलो. उद्या सकाळपर्यंत करून देतो.”

सकाळपर्यंत झालं नाही. घडलं होतं असं. आमच्यातल्या ताईंनी क्रमाच्या पॅचमध्ये क्ष ची दुरुस्ती घालून तो रिफ्रेश केला होता. धाकट्याकडं त्याच पॅचची आठवडाभर जुनी प्रत. त्यानं ती कोहाच्या नव्या आवृत्तीवर बसवली, रिफ्रेश केली आणि सामाईक फोल्डरमध्ये टाकली. ताईंची फाइल त्याच्या फाइलीखाली गेली. दोघांचंही काम बरोबर होतं.

कोहाचा प्रत्येक बदल गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात, होता. कुणी कधी कुठली ओळ हलवली, सगळं. आमच्या पॅचचा मात्र फक्त आजचा चेहरा शिल्लक होता. कालचा कसा होता, हे सांगणारं काहीच नाही. शेवटी दुरुस्ती सापडली सेलूच्या एका ग्रंथालयात. तिथलं नेट दहा दिवस बंद होतं म्हणून सर्व्हर अपडेट झाला नव्हता. बंद पडलेल्या नेटचे उपकार मानायची वेळ आयुष्यात एकदाच आली.

त्या आठवड्यात आम्ही पॅचचं फोल्डरच गिटमध्ये टाकलं. कोहाचा इतिहास वेगळा, ठिगळांचा इतिहास वेगळा. यात आम्ही काही नवं शोधलं नाही. लिनक्सच्या स्थिर आवृत्त्या सांभाळणारे ग्रेग क्रोआ-हार्टमन त्यांची पॅचची रांग अशीच गिटमध्ये ठेवतात. डेबियन या लिनक्सच्या एका अवताराच्या पॅकेजमध्येही पॅचचं फोल्डर आणि सीरीजची यादी असते. मर्क्युरिअल या गिटसारख्याच साधनात तर पॅचच्या रांगेला स्वतःची वेगळी रिपॉझिटरी, म्हणजे इतिहासाचं वेगळं कोठार, देण्याची सोय होती. लोकांनी या खड्ड्यात आमच्याआधी पाय घातला होता, एवढाच त्याचा अर्थ.

[दृश्य: पडदा जवळून. ओळींच्या सुरुवातीला अधिक-वजाच्या जोड्या.]

आता इथं जरा थांबायला हवं. पॅच म्हणजे फरक. त्याचा इतिहास म्हणजे फरकातला फरक. ओळीच्या सुरुवातीला दोन चिन्हं दिसतात. पहिलं सांगतं आमच्या ठिगळात काय बदललं, दुसरं सांगतं ते ठिगळ कोहात काय करतं. वजा-अधिक म्हणजे ही ओळ आम्ही आधी कोहात घालत होतो, आता घालत नाही. अधिक-वजा म्हणजे कोहातली ही ओळ आम्ही आता काढायला लागलो. पहिल्या दिवशी ताई म्हणाल्या, “हे वाचण्यापेक्षा मोडी बरी.” त्या मोडी वाचतात, म्हणून त्यांना बोलायचा अधिकार आहे.

शिवाय गोंगाट फार. कोहाची नवी आवृत्ती आली की ओळींचे क्रमांक सरकतात, शेजारच्या ओळी बदलतात, आणि काहीच न बदललेला पॅचही बदललेला दिसतो. त्या रद्दीत खरी दुरुस्ती हरवते. म्हणून आमच्यात एक दंडक आहे. नव्या आवृत्तीवर पॅच नुसता बसवायचा तो एक कमिट, म्हणजे गिटमधली एक नोंद. त्यात अक्कल लावायची नाही. अक्कल लावायची ती दुसऱ्या कमिटमध्ये. फाइलीच्या डोक्यावरचे वेळेचे शिक्के वगळायची सोय क्विल्टमध्ये आहे, ती पहिल्याच दिवशी लावून टाकावी.

दोघांनी एकच पॅच बदलला की गिट दोन्ही प्रती जोडायला जातं, आणि त्याला वाटतं की जोडल्या. पण पॅचमधल्या प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर हिशेब असतो, इथं इतक्या ओळी होत्या, इतक्या होतील. जोडकामात ओळी वाढतात, हिशेब जुनाच राहतो, आणि लावायला गेलं की पॅच बिघडल्याची ओरड. हिशेबाचा आकडा हातानं दुरुस्त करायचा मोह होतो. करू नये. एकाचा पॅच पुश करायचा, दुसऱ्याचा बदल खऱ्या कोडमध्ये करायचा आणि रिफ्रेश म्हणायचं. आकडा यंत्राला मोजू द्यावा.

[दृश्य: पैठण. गोदावरीचा घाट.]

नाथांनी पैठणला अनेक प्रती ताडून ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, आणि काम झाल्यावर शेवटी ओव्यांमध्ये नोंदही ठेवली. शके १५०६, म्हणजे १५८४ साल. कुणी केलं, कधी केलं, का केलं. आमच्या प्रत्येक पॅचच्या डोक्यावर आम्ही एवढंच लिहितो. सोबत आणखी एक ओळ, मूळ प्रकल्पाकडं पाठवला की नाही, आणि नसेल तर का नाही. हीच ओळ लिहायचा आम्हाला सगळ्यात जास्त कंटाळा.

क्विल्ट नको, सगळं गिटच्या शाखेतच, म्हणजे मूळ कोडला समांतर चालणाऱ्या इतिहासातच ठेवा, असं म्हणणारेही आहेत, आणि त्यांचं चुकत नाही. रिबेस करून, म्हणजे आपले बदल पुन्हा एकेक रचून, शाखा नव्या आवृत्तीवर उचलायची, आणि जुनी-नवी मालिका ताडायला रेंज-डिफ, जे गिटमध्ये २०१८ साली आलं. एकट्याचं काम असेल तर मीही तेच वापरीन. पण सामाईक शाखेवर एकानं रिबेस करून जबरदस्तीनं पुश केलं, म्हणजे सामाईक प्रतीवर आपली प्रत लादली, की बाकीच्यांच्या पायाखालची सतरंजी जाते. आमच्याकडं तिघांच्या तीन वेळा, वीज जाते-येते, त्यामुळं साध्या फाइली आणि साधा इतिहास आम्हाला झेपतो.

[दृश्य: नोव्हेंबर. सकाळ, खिडकीतून कोवळं ऊन.]

ठिगळ कमी करायचा मार्ग एकच, आहेर परत करायचा. कोहाकडं पॅच पाठवला की आधी दुसरा कुणीतरी तो लावून बघतो आणि आपली सही करतो, मग गुणवत्ता तपासणारे बघतात, मग तो मुख्य कोडमध्ये जातो. महिने लागतात. अर्ध्या र चा पॅच असाच गेला. ज्यानं सही केली तो कुठल्या देशात बसतो तेही आम्हाला माहीत नाही. धाकट्यानं सीरीजमधली ती ओळ पुसली आणि कमिटच्या संदेशात लिहिलं, “वऱ्हाड निघालं.” यादीत आता तेरा राहिले.

क्रमाचा पॅच मात्र आम्ही पाठवलेला नाही. ताईंनी चार कोश टेबलावर मांडले तेव्हा क्ष कुठं येतो यावर कोशांतच एकमत निघालं नाही. मग जगभरच्या मराठी ग्रंथालयांवर आमच्या रजिस्टरचा क्रम लादायचा कसा? त्या पॅचच्या डोक्यावर ‘पाठवला का’ या ओळीपुढं ताईंनी लिहून ठेवलंय, “नाही. काकांना विचारा.” सीरीजची पहिली ओळ अजून तीच आहे.